हुड चालू होता, तरीही पिशवी गढूळ झाली

हॉस्पिटल फार्मसीतल्या मंडळींमध्ये एक मेसेज फिरतोय: 'हुड चालू आहे, ग्लोव्ह्ज घातलेत, स्पिरिट मारलंय, म्हणजे इंजेक्शन निर्जंतुकच. बाकी टेस्ट आणि नोंदी ऑडिटवाल्यांसाठी. औषध नितळ दिसतंय ना, मग द्या वॉर्डात.' मी एनआयसीयूतल्या (नवजात अतिदक्षता विभागातल्या) बाळांसाठी टीपीएनच्या, म्हणजे शिरेतून द्यायच्या पोषणाच्या पिशव्या भरते. हा मेसेज वाचून मला गप्प बसवलं नाही.

आधी हुड, म्हणजे गाळलेल्या हवेच्या झोतात इंजेक्शन भरायचं कपाट. त्यातला हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो, हे खरं. पण ती हवा सुईपर्यंत पोचायला हवी ना! आडव्या हुडमध्ये हवा मागच्या जाळीतून आपल्या दिशेनं येते. व्हायलच्या (औषधाच्या बूच लावलेल्या छोट्या बाटलीच्या) मागे सलाइनची बाटली ठेवली किंवा हात मध्ये आला, की बुचाला लागते ती बाटलीवरून, बोटांवरून घासून आलेली हवा. हुडच्या अगदी तोंडाशी काम केलं तर खोलीतली हवा मिसळते. म्हणून निदान सहा इंच आत. पंख्याचा आवाज मात्र तिन्ही वेळा तसाच येतो.

ग्लोव्ह्ज पाकिटातून काढताना निर्जंतुक असतात. त्याच हातानं मास्क सारखा केला की संपलं.

स्पिरिटचं म्हणाल, तर अल्कोहोलनं बीजाणू, म्हणजे जंतूंची कवचातली टणक रूपं, मरत नाहीत. बूच पुसल्यावर ते सुकू द्यावं लागतं, ओल्या बुचात सुई खुपसून चालत नाही. व्हायलचं प्लॅस्टिकचं झाकण उडवलं की खालचं बूच निर्जंतुकच असतं, असं धरून चालणारेही पुष्कळ आहेत. ते तसं नसतं, प्रत्येक वेळी पुसायचं.

'नोंदी ऑडिटसाठी' हे वाक्य सगळ्यांत घातक. अमेरिकेत फ्रेमिंगहॅमच्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर या इंजेक्शनं बनवणाऱ्या फार्मसीकडे क्लीनरूम (गाळलेल्या हवेची खोली) होती, हुड होते. तिथल्या स्वतःच्या तपासण्यांत 2012 मध्ये कित्येक महिने जंतू आणि बुरशी सापडत होती. नोंद झाली, कृती झाली नाही. पाठदुखीसाठी टोचलेल्या तिथल्या स्टेरॉइडमधून बुरशी थेट मणक्यात गेली. सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या मोजणीनुसार 753 जण आजारी पडले, 64 दगावले.

राहिलं नितळ दिसणं. एका मिलिलिटरमध्ये हजारो जंतू असले तरी द्रावण डोळ्यांना स्वच्छच दिसतं. प्रयोगशाळेची निर्जंतुकतेची चाचणी 14 दिवस घेते आणि माझी पिशवी आज संध्याकाळी बाळाला लागायची असते. तपासून द्यायला वेळच नाही, म्हणून बनवतानाची प्रत्येक पायरी पाळायची.

आपला हात तपासायला आम्ही मधूनमधून औषधाऐवजी जंतू वाढवणारं द्रावण त्याच पद्धतीनं भरून ते 14 दिवस उबवतो; जंतू शिरले असतील तर ते गढूळ होतं. गेल्या वर्षी माझी अशी एक पिशवी दहाव्या दिवशी गढूळ झाली. भरली त्या दिवशी ती नितळ होती. हुड चालू होता, ग्लोव्ह्ज होते, स्पिरिट मारलं होतं. सरांनी माझ्यासोबत प्रत्येक हालचाल पुन्हा करून पाहिली, आणि लागोपाठ तीन पिशव्या स्वच्छ निघेपर्यंत मला बाळांच्या टीपीएनला हात लावू दिला नाही.