श्रीनगरच्या डावावर आलेल्या १ स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

१९७१ च्या हवाई लढायांवरच्या आमच्या पटावरच्या खेळाचं पार्सल नऊ दिवसांनी पोचलं आणि पटाच्या एका कोपऱ्यातले षटकोनांचे आकडे पुसट निघाले, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. दोन्ही चुका आमच्याच. नवा पट कालच आर्वीच्या पोस्टात टाकला, त्याचे पैसे नाहीत.

पण भारताचं नॅट विरुद्ध पाकिस्तानची सेबर, या लढाऊ विमानांच्या डावाबद्दल तुम्ही लिहिलं, ‘श्रीनगरचा डाव एकतर्फी आहे, एका नॅटवर सहा सेबर सोडून भारताला मुद्दाम हरवलं, खेड्यात बसून युद्धाचे खेळ बनवले की असंच होणार.’ खेड्याचं जाऊ द्या. पण भारताला मुद्दाम हरवलं, हे वाचून रात्रभर झोप नाही लागली.

सर, सहा हा आकडा माझा नाही. १४ डिसेंबर १९७१ ला पेशावरहून सहा सेबर श्रीनगरच्या धावपट्टीवर आले. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों यांनी बॉम्ब पडत असताना नॅट वर काढलं. जोडीदाराचं विमान नजरेआड झालं आणि ते एकटे राहिले. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचंच, मरणोत्तर. मी सहाचे तीन केले असते तर डाव बरोबरीचा झाला असता, पण मग तो सेखोंचा राहिला नसता. म्हणून जिंकण्याची अट वेगळी ठेवली. आठ फेऱ्यांत दोन सेबरना मार बसला की नॅटवाला जिंकला, मग त्याचं विमान पडलं तरी चालेल. पान ४ वर ठळक छापलं आहे.

आणि तुम्ही टाकलेला फोटो मी मोठा करून पाहिला. नॅटखाली उंची दाखवणाऱ्या तीन चकत्या आहेत, सेबरखाली चार. श्रीनगरच्या डावात सगळ्यांना एकच चकती द्यायची असते. ही झुंज झाडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवर झाली, असं सेखोंच्या सन्मानपत्रातच आहे. हा एक नियम जुळवण्यात माझा अख्खा पावसाळा गेला. उंची मिळाली की सेबर खाली सूर मारून वेग कमावतं आणि मागे येऊन बसतं, नॅटचा निकाल तिसऱ्या फेरीतच लागतो. तुमचाही तिथेच लागला. जमिनीलगत मात्र सूर मारायला जागाच नसते. वळावंच लागतं, वळलं की वेग जातो, आणि छोटंसं हलकं नॅट तिथे आत शिरतं. सेबरला सहा मशीनगन, नॅटला ३० मिलिमीटरच्या दोनच तोफा, म्हणून नॅटला फासे कमी पण घाव दुप्पट. १ पडला तर तोफ अडकते. तेही मनाने नाही घातलं, नॅटच्या तोफा खरंच अडकायच्या.

हे सगळं मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. रात्री पावणेअकराला तुमचा फोन आला, ताटावरून उठून वीस मिनिटं बोललो. ‘हो का, चकत्या पाहतो’ म्हणालात. सकाळी बघतो तर एक स्टार, आणि फोनचा उल्लेखही नाही.

१४५० रुपये जास्त वाटले असतील. विमानं सागवानाच्या तुकड्यांची आहेत, फर्निचरवाल्याकडून आणून घरीच घासतो. नॅट इतकं लहान की पंख धरायला चिमटा लागतो, सेबरपेक्षा त्यालाच वेळ जास्त जातो. आमचा मूळ धंदा लग्नपत्रिकांचा. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत मशीन जवळपास उभीच असते, तेवढे महिने या पेट्यांवरच घर चालून राहिलं आहे. तुमचा रिव्ह्यू वाचून वर्ध्याच्या एका भाऊंनी ऑर्डर थांबवली.

पुस्तिकेत चकत्यांचं चित्र टाकतो, छपाईचंही बघतो. तोवर त्याच पेटीतला, पूर्व पाकिस्तानच्या सीमेलगतच्या बोयऱ्याचा डाव लावून पाहा. २२ नोव्हेंबर १९७१, कोलकात्याच्या डमडमहून उडालेली चार नॅट. त्या दिवशी दोन सेबर पडली आणि त्यांचे वैमानिक आपल्या हाती लागले. श्रीनगरही एकदा एकाच चकतीवर खेळा. तरी नाही पटलं तर पेटी परत पाठवा, पूर्ण पैसे देतो, पोस्टाचा खर्चही माझा. फक्त चकत्या मोजून टाका, चाळीस आहेत.