परग्रहवाले आले तर आधी खळ्यात बसवा

परग्रहावरचे लोक उद्या-परवा पृथ्वीवर उतरणार असतील तर तुमची तयारी काय? काहीच नाही ना? वाटलंच मला. म्हणून हा सल्ला. फुकट आहे आणि देवगड तालुक्यातल्या, सड्याच्या, म्हणजे सपाट कातळाच्या माळाच्या, कडेला वसलेल्या एका वाडीतून आलेला आहे. तेव्हा किती मनावर घ्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझी पात्रता एवढीच, की गेल्या पावसाळ्यात मी काकीला शेजारी बसवून 'फॉलिंग स्काइज' ही अमेरिकन मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. २०११ च्या जूनमध्ये सुरू झालेली, २०१५ च्या ऑगस्टमध्ये संपलेली. पाच सीझन, ५२ भाग. काकीला इंग्रजी येत नाही, मला येतं असा गावात समज आहे. मी सांगत जायचो, ती लसूण सोलत ऐकायची. भागागणिक एकदा तरी वीज जायची. मालिकेतही अंधार, घरातही अंधार. एकदा तर पाच मिनिटं आम्ही काळ्या पडद्याकडे बघत बसलो, प्रसंग रात्रीचा आहे असं समजून.

मालिका सुरू होते तेव्हा हल्ल्याला सहा महिने उलटलेले असतात. आलेल्या मंडळींनी कसलीशी लहर सोडून सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रं बंद पाडली आहेत, शहरं उद्ध्वस्त केली आहेत, सैन्य संपवलं आहे. उरलीसुरली माणसं बॉस्टनच्या आसपास बंदुका आणि डबाबंद अन्न शोधत हिंडतायत. फोन नाही, दिवे नाहीत, पेट्रोल थेंबाथेंबाने, औषधांची मारामार आणि तुकडीत डॉक्टर एकच, तीही लहान मुलांची. हे बघून प्रेक्षकाच्या पोटात गोळा यावा अशी अपेक्षा असावी. काकीने पहिला भाग शांतपणे पाहिला आणि विचारलं, "मगे संकट खंय आसा?"

तर पहिली गोष्ट. वीज गेली म्हणजे परग्रहवाले आले असं समजून धावत सुटू नका. आपल्याकडे त्यासाठी एवढ्या लांबून कुणी यावं लागत नाही, आंब्याची एक फांदी पुरते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा आमच्या वाडीत दिवे लागायला बारा दिवस गेले. तेराव्याच्या आत आले म्हणून लोक समाधानी होते. त्या बारा दिवसांत विहिरीवर जुनी कप्पी परत चढली. एकाच्या जीपच्या बॅटरीवर अख्ख्या वाडीचे मोबाइल पाळीपाळीने चार्ज झाले. रेंज फक्त सड्यावरच्या एका काजूखाली यायची, तीही एकच काडी. तिथे सकाळपासून माणसं हात वर करून उभी असायची. वरून कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, हे आधीच शरण आलेत.

खरा हल्ला ओळखायची खूण मी सांगून ठेवतो. वीज गेली की वीजवाल्यांना फोन लावा. पहिल्या फटक्यात उचलला, तर समजा काहीतरी भयंकर घडलंय.

खाण्याची चिंता करू नका. मालिकेतली माणसं चार डब्यांसाठी जीव धोक्यात घालून पडक्या दुकानात शिरतात, ते काकीला शेवटपर्यंत पटलं नाही. "मे म्हयन्यात काय करी होती ही?" हा तिचा सवाल होता. बरोबरच आहे. आपल्याकडे आगोट नावाची गोष्ट आहे. पाऊस पडायच्या आत सुके बांगडे, सोडे, कुळथाची पिठी, सोलं, खारातल्या कैऱ्या आणि तांबड्या मातीत घोळवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या घरात येऊन पडतात. लाकडं खोपीत रचली जातात. चार महिने दारातून पाय बाहेर काढायचा नाही, अशी ही तयारी. आकाशातून पाणी आलं काय आणि आणखी कोण आलं काय, आठळी दोन्हीला तीच.

आता शत्रूकडे वळू. मालिकेत त्याला स्किटर म्हणतात. सहा पाय, ओला-ओला चकचकीत, भिंतीवर चढतो. तो पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा मी काकीकडे बघत होतो. तिने चष्मा पुसला, नीट न्याहाळलं आणि निर्णय दिला, "कुर्लेचे चार पाय मोडलेले दिसतत." पुढचे सगळे भाग तिचं लक्ष लढाईत नव्हतंच. यात मांस कुठे असेल, आणि कडक वाटण लागेल की नुसतं तिखलं चालेल, याच हिशेबात ती होती. जगातल्या कुठल्याही सेनेने शत्रूकडे इतक्या निर्भयपणे पाहिलं नसेल.

शिवाय सहा पायांना भिण्याचं वय आपलं राहिलेलं नाही. माकडं आणि वानर आपल्याकडे आधीच आलेले आहेत, टोळ्यांनी फिरतात, कौलं उडवतात, कोवळे नारळ खाली टाकतात, केळीचा घड पिकायच्या आदल्या दिवशी हजर होतात. त्यांच्याशी लढण्यात आपण काय नाही केलं? पत्र्याचे डबे बडवले, फटाके लावले, बुजगावणी उभी केली, निवेदनं दिली. माकडं बुजगावण्याच्या खांद्यावर बसून केळी खातात. त्यांचा बंदोबस्त झाला नाही तो नाही, पण रोज हरूनही दुसऱ्या दिवशी डबा घेऊन परसात जायची सवय आपल्याला आहे. ही सवय बॉस्टनवाल्यांना पाच सीझनमध्ये जेमतेम लागली.

रस्त्याने येतील असं वाटत असेल तर निश्चिंत झोपा. ज्या वर्षी ही मालिका सुरू झाली त्याच वर्षी, म्हणजे २०११ मध्ये, मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण हाती घेतलं गेलं. परग्रहवाले आले, लढले, हरले, कलाकार दुसऱ्या मालिकांत गेले, आणि आपण अजून 'पुढच्या गणपतीपर्यंत' या आश्वासनावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हाकतोय. त्यांची ती दोन पायांवर चालणारी लोखंडी यंत्रं, मेक म्हणतात त्यांना, माणगावच्या कोंडीत शिरली की पुढची लढाई वडापाववाल्याशी. रेल्वेने यायचं म्हणाल तर साठ दिवस आधी बुकिंग उघडतं आणि गणपतीच्या दिवसांत काही मिनिटांत वेटिंगला जातं. अख्खी आकाशगंगा ओलांडून आलेल्याला 'तुतारी' एक्स्प्रेसमध्ये शौचालयाशेजारी उभं राहून यावं लागेल. बरं, आलेच समजा. आमच्या खाऱ्या वाऱ्यात नवी मोटरसायकल तीन पावसाळ्यांत चाळणी होते. मेकला एक मृग काढू दे, मग बोलू.

राहिली हवाई वाट. ते उतरणार सड्यावर, कारण एवढा सपाट कातळ दुसरीकडे नाही. खरं तर ते पूर्वी येऊन गेलेत असंही काही लोक सांगतात. राजापूर-रत्नागिरीकडच्या सड्यांवर जी कातळशिल्पं आहेत, ती म्हणे त्यांनीच काढली. कशेळीला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलाय. देवाचे गोठणे इथे कातळावर माणसाची आकृती आहे आणि तिच्यापाशी होकायंत्राची सुई भलतीकडेच वळते. हा दगडाच्या चुंबकीय गुणाचा प्रकार, पण कॅमेरा घेऊन आलेल्या पाहुण्याला दगड नको असतो, त्याला यान हवं असतं. आपल्याच वाडवडलांनी उन्हात ओणवं बसून हत्ती खोदला हे मान्य करायला एवढं जड का जातं, मला कळत नाही. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. परग्रहवाले उतरलेच, तर त्यांना शांतपणे सांगायचं, तुमच्या आज्याने काढलंय म्हणतात, मग चार बाजूंनी गडगा घालून द्या आणि वरून गाड्या नेऊ नका.

मुकाबल्याचं नेतृत्व कोण करणार? मालिकेत टॉम मेसन नावाचा इतिहासाचा प्राध्यापक करतो. बंदूक हातात आणि तोंडात जुन्या लढायांचे दाखले. असा माणूस आपल्याकडे वाडीवाडीत आहे, निवृत्त मास्तर. पण मास्तर आधी बंदूक नाही उचलणार, पावतीपुस्तक छापणार. ग्रामस्थ मंडळाची बैठक देवळात, मुंबई मंडळाची बैठक परळला. ग्रामस्थ म्हणणार आत्ताच लढू. मुंबईकर म्हणणार आम्ही गणपतीत आल्याशिवाय कोणताही निर्णय घ्यायचा नाही, आणि मागच्या जत्रेचा हिशेब आधी द्या. बॅनरवर कुणाचा फोटो मोठा यावरून दोन तट पडतील. तोवर शत्रू बाहेर खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, ताटकळत बसलेला असेल. बसू दे त्याला. पाणी विचारा, गूळ द्या, घरात घेऊ नका.

शेवटी गाऱ्हाणं आहेच. देवळात गावकरी उभे राहतील आणि मानकरी आवाज लावेल: "बा देवा म्हाराजा! जो कोण सहा पायांचो आकाशातसून इलेलो आसा, तेचो पाय जर आमच्या येशीच्या आत पडलो, तर तेचे तीन पाय एका वाटेक आणि तीन दुसऱ्या वाटेक लाव रे म्हाराजा!" आणि सगळे एका सुरात, "होय म्हाराजा!" मागून एखादा हळूच विचारील, तेका चेडू देवचा आसा काय, घर बरा आसा? त्याकडे दुर्लक्ष करा.

एकच गोष्ट त्या मालिकेत अशी होती, जिथे काकीने लसूण बाजूला ठेवला. परग्रहवाले मोठ्यांना मारतात, पण पोरांना नेतात. पाठीच्या कण्यावर एक जिवंत पट्टा बसवतात, हार्नेस म्हणतात त्याला. पोरं मग त्यांचं ऐकतात, त्यांच्यासाठी रांगेने भंगार गोळा करतात. पट्टा ओढून काढावा तर पोर मरायची भीती. आणि फार दिवस राहिला तर पोर हळूहळू त्यांच्यातलंच होतं. स्किटर कापून बघतात तर त्याच्या आत जुना पट्टा सापडतो.

मी हे समजावून सांगत होतो. काकी म्हणाली, "आमची चार गेली." तिचे चार मुलगे, माझे चुलतभाऊ. थोरला गिरणीच्या शेवटच्या दिवसांत मुंबईला गेला, दुसरे त्याच्या मागोमाग. पूर्वी मनीऑर्डर यायची, आता मोबाइलवर पैसे येतात. गणपतीत येतात पाच दिवस, सोबत येणारी नातवंडं तिला 'दादी' म्हणतात आणि पिठीला नाक मुरडतात. आमच्या वाडीत एकोणीस घरं आहेत, अकरांना कुलूप. मालिकेतल्या माणसांना निदान शत्रू दिसत तरी होता. आम्ही स्वतः डबा बांधून देऊन, एस.टी.पर्यंत पोहोचवायला गेलो होतो.

असो. सल्ला चालू होता.

परग्रहवाल्यांनी बॉस्टन घेतलं ते ठीक. आमची वाडी घेऊन दाखवावी. त्यांनी सगळी माणसं मारली तरी सातबाऱ्यावरची नावं कशी मारणार? आमच्या घराच्या उताऱ्यावर सत्तावीस नावं आहेत. त्यातले नऊ वारले, वारस लागलेले नाहीत. एक आत्या बेळगावला, तिची सही मिळत नाही कारण १९८० सालच्या कुठल्याशा फणसावरून ती बोलत नाही. एक चुलता कांदिवलीत, तो म्हणतो तुमचं आधी ठरू दे. सामाईक विहिरीवर दावा चालू आहे. महासत्ता असो नाही तर परग्रहसत्ता, तलाठ्याकडे जाऊन फेरफार केल्याशिवाय जमीन ताब्यात येत नाही आणि फेरफाराला हरकत घेणारा भाऊबंद आपल्याकडे जन्मालाच येतो. भाऊबंदकीला उगाच नावं ठेवतात. तटबंदी आहे ती.

इतिहास मात्र थोडा वेगळं सांगतो, आणि मास्तर असते तर त्यांनी हे आधीच सांगितलं असतं. आमच्या शेजारी विजयदुर्ग आहे. १७५६ च्या फेब्रुवारीत तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथे जळून खाक झालं. समुद्रातून इंग्रज आले होते आणि जमिनीच्या बाजूला त्यांच्याबरोबर फौज उभी होती ती पेशव्यांची. त्या मालिकेतही दुसऱ्या सीझनच्या अखेरीस आणखी एक परग्रहवाले येतात, आम्ही तुमच्या बाजूने म्हणत. बघताना काकी एवढंच म्हणाली, "ह्येका जेवक घालू नको."

मालिका संपली त्या आठवड्यातली गोष्ट. ऊन पडलं होतं, काकी खळ्यात सुपारी वाळत घालत होती. पांढऱ्या शर्टातला एक जण मोटरसायकल लावून आत आला. गावातलाच, पलीकडच्या वाडीतला, काकीने त्याला लहानपणी अंगावर खेळवलेला. आता जमिनीची कामं करतो. वरच्या सड्यावरच्या कातळाबद्दल विचारत होता. सत्तावीस सह्यांचं मी म्हटलं, तर हसला. "त्या माझ्यार सोडा. आत्येक मी भेटून इलंय, बेळगावाक."

आत्येला. बेळगावला. फणसासकट.

"पार्टी कोण?" मी विचारलं.

"लांबची आसा."

काकीने सुपारीवरून हात फिरवत फिरवत, मान वर न करता विचारलं, "पाय किती आसत तेका?"

तो परत हसला, चहा प्याला, कार्ड ठेवून गेला. कार्ड फेकून दे म्हणून मी काकीला सांगितलं होतं. काल कालनिर्णयचं पान उलटायला गेलो, तर मागे खिळ्याला टोचून ठेवलेलं दिसलं.