छापा पडेपर्यंत

तुमच्या मनात अफाट शक्ती आहे, असं आजवर तुम्हाला बऱ्याच जणांनी सांगितलं असेल, काहींनी तर फी घेऊन. ती शक्ती माणसांवर चालत नाही, हे घरात राहणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. तेव्हा सुरुवात यंत्रापासून करावी. यंत्र निदान तोंड वाकडं करत नाही.

फक्त यंत्र निवडताना चोखंदळ राहा. मिक्सरसमोर बसून 'फिर, फिर' म्हणू नका. तो फिरला नाही की निकाल तिथंच लागतो, आणि चटणी पाट्यावर वाटावी लागते. आपल्याला असं यंत्र हवं, जे तुम्ही काहीही न करता निम्म्या वेळा तुमचं ऐकतं. म्हणजे छापा-काटा करणारं. उरलेल्या निम्म्यातून चिमूटभर आपल्याकडे ओढलं की झालं.

हसू नका. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात हा उद्योग अठ्ठावीस वर्षं चालला. चालवणारे रॉबर्ट जान हे कुणी बुवा-महाराज नव्हते. इंजिनिअरिंगचे डीन होते, अवकाशयानांच्या विद्युत इंजिनांचे जाणकार. १९७९ साली त्यांनी तळघरात प्रयोगशाळा थाटली आणि ती सांभाळायला ब्रेंडा डन या बाई आल्या. तिथल्या यंत्रात इलेक्ट्रॉनिक खरखरीतून एका दमात दोनशे नाणेफेकी होत. सरासरी शंभर छापे अपेक्षित. माणसानं समोर बसायचं आणि मनात आणायचं, 'जास्त पडू देत'. मग 'कमी पडू देत'. मग 'माझं काही म्हणणं नाही'. भिंतीवर 'मर्फी' नावाचं आणखी एक धूड होतं. त्यातून नऊ हजार गोळ्या खिळ्यांवर आपटत खाली एकोणीस खणांत पडायच्या आणि माणूस समोर बसून त्यांना मनातल्या मनात डावीकडे किंवा उजवीकडे जायला सांगायचा. आपल्याकडे क्रिकेटची मॅच लोक याच पद्धतीनं बघतात, पण नोंद ठेवत नाहीत. आपला देश मागे पडतो तो असा.

आता फळ ऐका. बारा वर्षांत ९१ जणांनी मिळून साधारण २५ लाख वेळा हे नाणेफेकीचं यंत्र चालवलं. 'जास्त' म्हटल्यावर सरासरी आली १००.०२६. 'कमी' म्हटल्यावर ९९.९८४. म्हणजे 'जास्त' म्हटल्यावर साधारण ७,७०० नाणेफेकींमागे एक छापा जादा. तुम्ही रोज दहा वेळा नाणं उडवलंत, तर दोन वर्षांनी एक छापा निव्वळ तुमच्या इच्छाशक्तीचा असेल. तो नेमका कोणता, हे ओळखायची सोय नाही, म्हणून सगळ्याच छाप्यांचं श्रेय घ्यावं.

'माझं काही म्हणणं नाही' या गटाचा आकडा मला सगळ्यात आवडतो. तो १००.०१३ आला. पाहुणा 'चहा नको' म्हणतो, पण त्याची नजर स्वयंपाकघराकडे असते, त्यातलाच हा प्रकार.

अंतराची अडचण मानू नका. प्रिन्स्टनमध्ये हजारो मैलांवर बसलेल्या माणसांकडूनही इच्छा करवून घेतली गेली. वेळेचीही मानू नका, कारण यंत्र चालण्याच्या आधी किंवा नंतर केलेली इच्छासुद्धा तिथं धरली गेली. पेपर देऊन आल्यावर निकालाच्या आदल्या रात्री नवस बोलणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

एक चूक मात्र कटाक्षानं टाळा. किती वेळा उडवायचं, काय मोजायचं आणि कशाला यश म्हणायचं, हे आधी लिहून ठेवू नका. पुण्यात २००८ साली जयंत नारळीकर आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी ज्योतिषांची परीक्षा घेतली, तेव्हा हाच घोळ झाला. पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढंच ओळखायचं होतं. प्रत्येकाला चाळीस पत्रिका दिल्या, नियम आधीच ठरवले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती. असल्या माणसांना प्रयोगाच्या जवळपास फिरकू देऊ नये.

आणि समजा, कुणी तुमचाच प्रयोग पुन्हा करून बघितला? प्रिन्स्टनची यंत्रं जर्मनीत फ्रायबर्ग आणि गीसेनलाही गेली. तिन्ही ठिकाणचा निकाल २००० साली छापून आला: मूळ परिणाम सापडला नाही. खुद्द प्रिन्स्टनमध्येही नाही. अशा वेळी खचू नये. आकड्यांचा तोच ढीग पुन्हा उपसावा. हरवलेली किल्ली शोधताना गेल्या वर्षीची लाइट बिलाची पावती सापडते, तसं काहीतरी विचित्र निघतंच. त्यांनाही निघालं आणि त्यांनी तेही छापलं. पुढे २००६ साली दुसऱ्याच काही संशोधकांनी असल्या ३८० प्रयोगांचा हिशेब मांडला. त्यात प्रयोग जितका छोटा, तितका चमत्कार मोठा दिसला. न जमलेले छोटे प्रयोग कपाटातच राहिले असावेत, असं त्यांना वाटलं. तेव्हा कपाट घ्याल ते प्रशस्त घ्या.

मी स्वतः गेल्या रविवारी दोन रुपयांचं नाणं घेऊन चटईवर बसलो. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे रेघा मारायच्या, दोनशे पुरे करायचे. पहिल्या वीसांत सातच छापे आले, म्हणून ते सराव धरले. कुकरच्या शिट्टीनं लक्ष विचलित झालं, तेव्हाचे पाच काटे वगळले. फोन वाजला तेव्हा पडलेला छापा मात्र ठेवला, कारण त्या वेळी माझं मन खंबीर होतं.

"अहो, किती झाले?" बायकोनं आतून विचारलं.

"एकशे नव्व्याण्णव. शंभर छापे."

"मग उडवा एक आणि उठा. पानं वाढलीत."

शेवटचं नाणं जरा जोरात उडालं, दाराच्या उंबऱ्यावर आपटलं आणि घरंगळत थेट दिवाणाखाली गेलं. मी पानावर रेघ मारली. एकशे एक. प्रिन्स्टनचे बारा वर्षं खपून १००.०२६ झाले होते.

"बघितलं तरी का काय पडलंय ते?" हातातली आमटीची वाटी तशीच धरून ती दारात उभी होती.

दिवाण जड आहे. दिवाळीच्या साफसफाईला सरकवू म्हटलं. तोवर छापाच आहे.