सामान कोण सांभाळणार?

आमच्या माळ्यावर एक गाठोडं आहे. त्यावर स्केचपेननं 'माथेरान' असं लिहिलंय. आत माझी एक तपकिरी पँट, दोन टी-शर्ट, बायकोचे दोन पंजाबी ड्रेस आणि विकत घेताना पांढरे असलेले मोजे. माथेरानची लाल माती एकदा कपड्यात शिरली की साबण, लिंबू, शिव्या कशालाच दाद देत नाही. म्हणून बायकोनं हा गणवेशच वेगळा काढून ठेवलाय. त्यामुळे आमच्या अल्बममधले १९९९ पासूनचे सगळे फोटो एकाच दुपारी काढल्यासारखे दिसतात. कपडे तेच, मागची दरी तीच. फक्त माझे केस दरवर्षी थोडे मागे सरकतात आणि पोट थोडं पुढे येतं. पँट दोनदा उसवून वाढवलीय, ते फोटोत दिसत नाही.

यंदा डिसेंबरात गाठोडं खाली उतरलं तशी लेक म्हणाली, "बाबा, या वेळी काहीतरी नवीन करायचं. आधी बघितलेलं एकही ठिकाण नको."

"मग महाबळेश्वरला जाऊ," मी म्हणालो.

"माथेरानच. पण नवीन."

हे म्हणजे तीच बायको, पण नवा संसार. मी बोललो नाही. सव्वीस वर्षांत एवढी अक्कल आलीय.

डोंबिवलीहून कर्जत लोकल, नेरळला उतरून टॅक्सी, दस्तुरी नाक्यावर गाड्यांचा रस्ता संपतो. पुढे तुमचे पाय, घोडा नाहीतर अमन लॉजहून शटल. नेरळपासून चालत चढायचा एक प्रस्ताव आला होता. बायकोनं फक्त चष्म्यावरून बघितलं आणि तो मागे घेतला गेला. १९०७ सालची झुकझुकगाडी दोनदा झालेली, म्हणून बाद. दस्तुरीला घोडेवाल्यानं गाठलंच. "साहेब, सात पॉइंट? बारा पॉइंट?" लेकीनं मोबाइलमधली यादी काढली. पॅनोरमा बघितला, एको बघितला, शार्लोट लेक, लुईसा, वन ट्री हिल, पॉर्क्युपाइन, सगळ्यांवर काट. घोडेवाला क्षणभर विचारात पडला. मग म्हणाला, "ताई, मग उलट्या बाजूनं फिरवतो ना. शेवटून पहिला." आख्ख्या सहलीत नावीन्याचा एवढा प्रामाणिक प्रस्ताव दुसऱ्या कुणी दिला नाही.

माथेरानला ३८ पॉइंट आहेत असं म्हणतात. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली वर आला आणि गोऱ्या साहेबांना हवा मानवली. त्याआधी इथे वावरणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना कड्याच्या टोकाला नुसतं 'टोक' म्हणून भागत असावं. साहेबांनी प्रत्येक टोकाला कुणाची तरी बायको नाहीतर लॉर्ड चिकटवला. आम्ही नकाशात शोधून एक कधीच न पाहिलेला पॉइंट काढला. दीड तास चाललो. शेवटच्या वळणावर लेकीनं माझे डोळे झाकले. हात काढले तर समोर प्रबळगड, शेजारी कलावंतिणीचा सुळका. म्हणजे अल्बममधलं पान सात.

"अँगल वेगळाय," मी म्हणालो.

"बाबा, प्लीज."

रात्री जेवताना सगळेच गप्प होते. लेकीनं उगाच विचारल्यासारखं विचारलं, "आजी, तुला कुठला पॉइंट आवडतो गं?"

आई ताकात भात कालवत होती. "मी कुठे बघितलाय?"

"म्हणजे?"

"सामानापाशी कोणीतरी नको? खोलीची कडी माकडांना उघडता येते. तुम्ही जाता, मी व्हरांड्यात बसते."

आई २००९ पासून आमच्याबरोबर येतेय. मी बोटांवर मोजायला लागलो. बायकोनं माझा हात खाली दाबला.

दुसऱ्या दिवशी वाटणी झाली. आई पॉइंट बघणार, सामान मी सांभाळणार. आई शहात्तरची. माणसानं ओढलेल्या हातरिक्षात बसायला तिनं साफ नकार दिला, साडीखाली नातीची ट्रॅकपँट चढवली आणि बादल नावाच्या घोड्यावर जाऊन बसली. "कोकणात म्हशीवर बसलेय मी," एवढंच म्हणाली. जाताना तिनं मला छत्री दिली. "मारायचं नाही. फरशीवर दोनदा आपटायची. आणि डोळ्यात बघायचं नाही."

मी वर्तमानपत्र उघडलं. सुट्टी म्हणजे हीच, असं वाटलं. दहा मिनिटांनी कठड्यावर एक माकड येऊन बसलं. एकटं, वयस्कर, साधारण आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं. मी छत्री दोनदा आपटली. त्यानं छत्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मी नेमकं त्याच्या डोळ्यात बघितलं. त्यानं दात दाखवले. मी उठून दोन पावलं मागे झालो. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं त्याची मंडळी खोलीत शिरून बाहेरही आली होती. एकीच्या हातात आईचा डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा. ती पत्र्यावर चढली, डबा मांडीत धरून तिनं झाकणाला दोन्ही बाजूंनी अंगठे लावले. बायकोला ते झाकण उघडायला चमचा लागतो.

चार वाजता मंडळी परतली. आई गुडघ्यापर्यंत लाल झाली होती आणि चेहरा कसला तरी वेगळाच दिसत होता.

"कसं होतं?" मी विचारलं.

"मोठा खड्डा आहे. सगळीकडून तोच. एवढी वर्षं तुम्ही हा बघायला जाता?"

लेक मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, एको पॉइंटला आजीनं आजोबांचं नाव घेतलं. मोठ्यानं. तीनदा."

आईनं आजवर त्यांचं नाव उखाण्याबाहेर घेतलेलं मला आठवत नाही. डॉक्टरनं विचारलं तरी ती माझ्याकडे बोट दाखवायची, मी सांगायचो. मी तिच्याकडे बघितलं. ती पायरीवर बसून मोज्यातली माती झटकत होती.

"काय बघतोस? जिवंतपणी एका हाकेला ओ दिली नाही त्यांनी. तिथे निदान नाव तरी परत आलं." मग तिनं व्हरांड्यावरून नजर फिरवली. पिशव्या मोजल्या. छत्री कठड्याखाली उलटी पडली होती.

"लाडवांचा डबा कुठाय?"

मी वर पत्र्याकडे बोट दाखवलं.

"पंधरा वर्षांत माझी एक लिमलेटची गोळी गेली नाही," आई म्हणाली आणि छत्री उचलून बाहेर आली.

दोनदा आपटली. वरून डबा खाली आला. झाकण नंतर आलं.