शाळांची क्रमवारी लावण्याआधी

देशभरातली शाळकरी मुले किती शिकली हे तपासणाऱ्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाचे निकाल आले की चार दिवस एकच चर्चा रंगते : आपला जिल्हा कितवा आणि शेजारचा कितवा. शिक्षणाचे मोजमाप व्हावे याच मताचा मी आहे. परंतु ज्या सरासरीवर ही क्रमवारी बेतलेली असते, तिच्यावर कितपत विसंबायचे हे विचारण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

मुळात एका वर्गातली तीस मुले म्हणजे तीस स्वतंत्र नोंदी नव्हेत. त्यांचे शिक्षक तेच, फळा तोच, वाचनाची पुस्तके हाती येतात की कपाटात कुलूपबंद राहतात हेही सर्वांना सारखेच, आणि बहुधा वस्तीसुद्धा एकच. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण एकाच पातेल्यातली तीस शिते चाचपून तीस पातेल्यांचा निर्वाळा देता येत नाही. समजा, 40 शाळांतून प्रत्येकी 30 अशी 1200 मुले तपासली आणि गुणांमधील एकूण तफावतीपैकी 30 टक्के तफावत शाळाशाळांमधली निघाली, तर सरासरीच्या अचूकतेपुरते त्या नमुन्याचे वजन स्वतंत्रपणे निवडलेल्या साधारण सव्वाशे मुलांइतकेच भरते. एवढ्या बळावर दोन जिल्ह्यांतला एक-दोन गुणांचा फरक मिरवायचा, हे धाडसच आहे.

लहान शाळांचे हाल याहून वाईट. चौथीचा पट आठ असेल, तर एक मूल परीक्षेच्या दिवशी अडखळले की वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण साडेबारा टक्क्यांनी खाली येते. म्हणूनच अशा याद्यांच्या अगदी वर आणि अगदी तळाशी कमी पटाच्या शाळा अधिक दिसतात, आणि कौतुक काय किंवा खुलाशाची नोटीस काय, दोन्ही बरेचदा निव्वळ योगायोगाच्या वाट्याला जातात. बहुस्तरीय विश्लेषणात मूल, वर्ग आणि शाळा या पातळ्यांवरची तफावत वेगवेगळी मोजली जाते, आणि शाळेचा पट जितका लहान, तितका तिचा अंदाज एकूण सरासरीकडे ओढून घेतला जातो.

वर्गातल्या वातावरणाचा परिणाम शोधायचा, तर मुंबई आणि बडोद्यात 2001 ते 2003 या काळात झालेला ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी उपक्रमाचा अभ्यास पाहावा. बालसखी म्हणजे मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर नेऊन शिकवणारी स्थानिक तरुणी. अर्थशास्त्रज्ञ अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळेल हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, ठरवले. सरासरी गुण पहिल्या वर्षी 0.14 आणि दुसऱ्या वर्षी 0.28 प्रमाण विचलनांनी (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत याचे माप) वाढले. मात्र ही वाढ मुख्यतः मागे पडलेल्या, बालसखीकडे बसलेल्या मुलांची होती. ती बाहेर गेल्याने ज्यांचा वर्ग लहान झाला, त्यांच्या गुणांत लक्षणीय फरक आढळला नाही. पटसंख्या घटवली की सारे सुधारते, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर वाचावा.

तेव्हा पुढच्या वेळी जिल्ह्याच्या सरासरीशेजारी तिची संभाव्य त्रुटी छापा, आणि तफावतीचा किती वाटा शाळाशाळांमधला व किती एकाच वर्गातल्या मुलांमधला, तेही सांगा. दुसरा वाटा मोठा निघाला, तर मुख्याध्यापकांना फैलावर घेऊन काहीच साधणार नाही.