‘स्मॉल’ केल्याने बेस गेला नाही, सबवूफरचं अंतर बदलल्याने गेला

नमस्कार. होम थिएटरच्या सेटिंगवरच्या माझ्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया रागाची असली तरी आकड्यांसकट आहे, त्यामुळे नेमकं उत्तर देता येतं. तुमचं म्हणणं असं: साडेसहा इंची दोन-दोन वूफर (बेस वाजवणारे पडदे) असलेल्या टॉवर स्पीकरना रिसीव्हरच्या मेनूत ‘स्मॉल’ करायला, म्हणजे त्यांचे खालचे सूर सबवूफरकडे द्यायला सांगणं म्हणजे त्यांची क्षमता वाया घालवणं. तसं केल्यावर स्फोटांना खिडक्या थरथरतात, पण ड्रमचा ठोका आणि बेस गिटार पोकळ झाली. शिवाय रिसीव्हरची (सगळे स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायरची) माइक लावून होणारी ऑटो मोजणी भरवशाची नाही, कारण सबवूफर, म्हणजे फक्त खोल बेस वाजवणारा वेगळा स्पीकर, टेपने २.९ मीटरवर असताना तिने ५.१ मीटर दाखवलं आणि ते तुम्हाला हाताने दुरुस्त करावं लागलं.

बेस गेला तो या दुरुस्तीमुळे. सबवूफरमध्ये स्वतःचा अँप्लिफायर आणि फिल्टर असतात, हल्ली बऱ्याच वेळा डीएसपीही (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप). सिग्नल त्यातून बाहेर पडायला काही मिलिसेकंद जास्त घेतो. माइकला अंतर दिसत नाही, आवाज किती उशिरा आला एवढंच कळतं, आणि रिसीव्हर तो उशीर मीटरमध्ये मांडतो. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे साधारण २.९ मिलिसेकंद. तुमच्याकडचे जादा २.२ मीटर म्हणजे सबच्या आत गेलेले सुमारे ६.४ मिलिसेकंद. मेनूत ‘डिस्टन्स’ लिहिलेलं असलं तरी तो आकडा वेळेचाच आहे.

तो २.९ केल्यावर सब टॉवरपेक्षा ६.४ मिलिसेकंद मागे पडला. ८० हर्ट्झचं एक आवर्तन १२.५ मिलिसेकंदांचं, त्याचं निम्मं ६.२५. म्हणजे नेमकं क्रॉसओव्हरच्या जागी (जिथे टॉवरचं काम संपून सबचं सुरू होतं, इथे ८० हर्ट्झ) टॉवर हवा पुढे ढकलतात तेव्हा सब ती मागे ओढतो, आणि दोघं एकमेकांचा आवाज खातात. ड्रमच्या ठोक्याचं वजन याच पट्ट्यात असतं. तिसेक हर्ट्झला टॉवर जवळपास गप्प आणि सब एकटाच वाजतो, म्हणून खिडक्या थरथरत राहिल्या. ‘लार्ज’ असताना हा दोष दिसला नाही, कारण तेव्हा संगीताचा बेस टॉवरच वाजवत होते आणि सबकडे फक्त एलएफई (चित्रपटातल्या खोल आवाजांचा वेगळा चॅनेल) जात होता.

इथे चूक माझ्या लेखाची आहे. ‘मोजणीनंतर सगळी अंतरं टेपने ताडून पाहा’ असं मी लिहिलं होतं आणि सबचा अपवाद सांगितला नव्हता. लेखात ते दुरुस्त केलं आहे. टेप फक्त बाकीच्या स्पीकरसाठी. तिथे वीतभर फरक चालतो. मीटरभर निघाला तर माइकने बहुतेक भिंतीवरून परतलेला आवाज धरला आहे.

तर सबचं अंतर परत ५.१ मीटर करा. मग रिसीव्हर स्टिरिओवर ठेवून डाव्या चॅनेलवर ८० हर्ट्झचा सलग सूर मध्यम आवाजात लावा. साउंड मीटर बसायच्या जागी कानाच्या उंचीवर, त्यावर ‘सी वेटिंग’ आणि ‘स्लो’ या सेटिंग. फोनवरचं अ‍ॅपही चालेल, कारण इथे फक्त तुलना करायची आहे. सबचा फेज (लहर उलटवणारं बटण) १८० करा आणि अंतर ३०-३० सेंटीमीटरने दोन्ही बाजूंना मीटरभर सरकवून पाहा. जिथे आवाज सर्वात खोल पडेल तो आकडा ठेवून फेज परत ० करा. आवाज कुठे वाढतो ते शोधण्यापेक्षा ही उलटी रीत बरी, कारण शिखर पसरट असतं आणि खड्डा टोकदार. यादरम्यान ‘एलएफई + मेन’ किंवा ‘डबल बेस’ (तोच बेस टॉवर आणि सब दोघांकडे पाठवणारी सेटिंग) बंद हवं. सबवरचं क्रॉसओव्हरचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं किंवा एलएफईवर हवं, नाहीतर एकापुढे एक दोन फिल्टर लागतात आणि उशीर आणखी वाढतो.

आता ‘स्मॉल’. हा शब्दच गैरसमज पसरवतो. त्याचा स्पीकरच्या आकाराशी संबंध नाही. ठरावीक हर्ट्झच्या खालचं काम सबकडे द्या, एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्याच आवाजासाठी ८० पेक्षा ४० हर्ट्झला वूफरला चौपट हलावं लागतं, आणि बऱ्याच टॉवरमध्ये त्याच वूफरला मधल्या सुरांचा भागही सांभाळायचा असतो. मोजणी तुमच्या टॉवरना ‘लार्ज’ म्हणाली, कारण ते किती खाली जातात एवढंच ती पाहते. तिथे किती मोठ्याने तग धरतात हे तिला कळत नाही. पण मला सर्वात महत्त्वाचं कारण वेगळंच वाटतं. टॉवरची जागा स्टिरिओच्या चित्रावरून (कोणता आवाज समोर कुठून येतोय असं वाटतं त्यावरून) ठरते, बेसची खोलीवरून. पाच मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झच्या आसपास पहिली उभी लहर (भिंतींमध्ये अडकून घुमणारा सूर) तयार होते आणि लांबीच्या बरोबर मध्यावर तो सूर जवळपास नाहीसा होतो. खोलीचे असे चढउतार सब हलवून बरेचदा कमी करता येतात, टॉवर तेवढे मोकळेपणी हलवता येत नाहीत. तरी तुमचे टॉवर ६० हर्ट्झचा क्रॉसओव्हर सहज पेलतील. संगीत जास्त ऐकत असाल तर तो जरूर लावून पाहा. तसं केलंत तर अंतराची परीक्षा ६० हर्ट्झच्या सुरावर पुन्हा घ्या. एलएफईचा लो-पास (त्या चॅनेलची वरची मर्यादा) मात्र १२० हर्ट्झवरच राहू द्या, ती सेटिंग वेगळी आहे.

जाता जाता तुम्ही लिहिलंय की सराउंडची जोडी सोफ्याच्या मागे असल्यामुळे ती ‘सराउंड बॅक’ला जोडली. पाच स्पीकर आणि एक सब अशा ‘५.१’ मांडणीत तिची जागा ‘सराउंड’ या टर्मिनलवर आहे, ‘बॅक’ सात स्पीकरच्या ‘७.१’ साठी. स्पीकरही शक्य असेल तर थोडे पुढे आणा: समोर बघत बसल्यावर ११० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेपेक्षा जरासे मागे. वायर बदलण्याआधी रिसीव्हर बंद करा आणि तारेचा एकही केस शेजारच्या टर्मिनलला टेकू देऊ नका.

हे बदलल्यावर मोजणी पहिल्यापासून करावी लागेल, म्हणून हे काम आधी उरका. माइक सोफ्याच्या पाठीवर न ठेवता ट्रायपॉडवर लावा, पंखा बंद ठेवा. सबचा जो नवा आकडा येईल तो तसाच ठेवून मग ८० हर्ट्झचा सूर लावा. फेज ० आणि १८० ला मीटर काय दाखवतो ते इथे लिहा. पुढचं त्यावरून पाहू.