वर्म गिअर मोटर आपोआप लॉक होते? प्रत्येक वेळी नाही!

छोट्या डिव्हाइससाठी राइट अँगल गिअर मोटर (जिचा शाफ्ट मोटरला काटकोनात बाहेर येतो) हवी तर डोळे झाकून वर्मवाली (स्क्रूसारख्या आट्यांनी दातेरी चाक फिरवणारी) घ्या, पॉवर गेली तरी शाफ्ट हलत नाही, ब्रेकची गरजच नाही, असं सध्या फिरतंय. सरसकट खरं नाहीये हे.

वर्म लॉक होतो घर्षणामुळे, आणि सगळा खेळ आट्यांच्या कोनाचा, म्हणजे आटे किती तिरके आहेत त्याचा. कोन साधारण ५ अंशांच्या आत असेल तर लोड सहसा त्याला उलटा फिरवू शकत नाही. पण ४० दात्यांच्या चाकाला एक आट्याचा वर्म असेल तर रेशो ४०:१ (वर्मचे ४० फेरे, चाकाचा एक), तोच दोन आट्यांचा घेतला की २०:१ आणि कोन जवळपास दुप्पट, मग बाहेरून जोर आला की शाफ्ट मागे फिरू शकतो. त्यात ग्रीस, वर व्हायब्रेशन, म्हणजे टेबलावर छान धरून बसलेली मोटर मशीनमध्ये हळूहळू सरकायला लागते. कुणाच्या अंगावर पडू शकेल असं काही उचलायचं असेल तर ब्रेक वेगळाच लावा, यात वादच नको.

आणि या लॉकची किंमत कोणी सांगत नाही. खरोखर लॉक होणाऱ्या वर्मची एफिशियन्सी ५० टक्क्यांच्या खालीच असते, बाकीची पॉवर उष्णता होऊन जाते, बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूत तर हे लगेच जाणवतं. लॉक नको असेल तर बेव्हल गिअरवाली (शंकूसारख्या दातेरी चाकांची) बघा, बरीच कमी पॉवर खाते, फक्त करंट बंद झाल्यावर ती लोड धरून ठेवेल ही आशा सोडा. हां, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो बऱ्याचदा स्टॉल टॉर्क (मोटर अडून थांबते तेव्हाचा फिरवण्याचा जोर), मोटर निवडायची रेटेड टॉर्कवर (सतत चालताना झेपणारा जोर).